दोनदा नाही म्हणायचं असतं

तुंपाल हुतापेआ फाटकाशी येऊन हाक मारत नाही. तो रस्त्याच्या पलीकडून, आपल्या टायरच्या दुकानातूनच ओरडतो. मालट्रक मागे घेणाऱ्या चालकाला ओरडून सांगावं, तसा.

“लाए! कोरियन!”

मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. लाए म्हणजे मेव्हणा. तुंपाल मेदानकडचा बाताक माणूस, आणि त्यांच्यात ओळखीच्या कुठल्याही पुरुषाला मेव्हणा म्हणायची पद्धत आहे. तीस वर्षं तो मला मेव्हणा म्हणतो आहे. माझी बहीण मात्र त्याला पाहून अजूनही घरात जाते.

“कोरियन काय, आबांग?” मी विचारलं. आबांग म्हणजे थोरला भाऊ.

“पुस्तक! कोरियन भाषेत निघालं! अकरावी भाषा!”

“वा! अभिनंदन. फार आनंद झाला.”

चेहऱ्यावर हसू आणलं. आम्हा जावाच्या लोकांना ते लहानपणापासून आणता येतं. पोटात काहीही चाललेलं असो. तुंपालनं हवेत पाना हलवला आणि तो पुन्हा गाडीखाली शिरला. स्वयंपाकघरात कांदा चिरण्याचा आवाज थांबला होता.

“आज तुम्हाला जेवण जाणार नाही,” वारसिनी आतून म्हणाली. वारसिनी माझी बायको. ती सुराबायाची. तिकडची माणसं मनात येतं ते बोलतात.

“का नाही जाणार?”

“जर्मन निघालं तेव्हा एक दिवस गेलं नव्हतं. तुर्की निघालं तेव्हा दोन दिवस. आज मी भातच कमी लावते.”

तिनं खरंच कमी लावला, आणि तोही उरला.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगतो. मला ते नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. मी सालातिगातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. दुसऱ्यांची पुस्तकं लावण्यात आयुष्य गेलं. स्वतःचं म्हणून एकच पुस्तक लिहिलं, कादंबरी, ‘भोंगा’. माझे वडील साखर कारखान्यात उसाच्या गाड्या वजन करायचे. कारखान्याचा भोंगा वाजला की गावातली माणसं उठायची, भोंगा वाजला की जेवायची, आणि ज्या वर्षी कारखाना बंद झाला त्या वर्षी कितीतरी दिवस कोणाला भूक कधी लागते तेच कळेना. एवढंच आहे त्यात. सेमारांगच्या एका छोट्या प्रकाशकानं ते छापलं आणि नंतर तो प्रकाशक स्वतःच बंद पडला. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, ‘संयत’. उरलेल्या प्रती आमच्या पलंगाखाली आहेत. पाहुणा झोपायला आला की वारसिनी त्या सरकवून चटई काढते.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मेट्टे नावाच्या बाई आमच्या घरी आल्या. डेन्मार्कच्या. तिथे त्यांचं लहानसं प्रकाशन आहे. त्या आमची भाषा शिकल्या होत्या, आणि आमच्यापेक्षा शुद्ध बोलत होत्या. हॉलंडमधल्या कुठल्याशा जुन्या ग्रंथालयात त्यांना ‘भोंगा’ची प्रत सापडली होती. पत्ता शोधत त्या सालातिगापर्यंत आल्या होत्या.

वारसिनीनं चहा आणला, झाकण घातलेल्या पेल्यांतून, आणि तळलेली केळी. आमच्याकडे पाहुणा समोरच्या चहाला हात लावत नाही. यजमान म्हणतो, घ्या ना. पाहुणा म्हणतो, घेतो, घेतो, आणि घेत नाही. यजमान पुन्हा म्हणतो. तिसऱ्यांदा म्हटलं की मग झाकण निघतं. मेट्टेबाईंनी पेला टेकताच झाकण काढलं, अर्धा चहा प्यायला, आणि म्हणाल्या, “फार छान आहे.” मी मनात म्हटलं, परदेशी आहे, चालायचंच. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण नाही झालो.

“बापाक सुवोंदो,” त्या अदबीनं म्हणाल्या, “तुमचा ‘भोंगा’ मला आमच्या भाषेत काढायचा आहे. तुमची तयारी आहे?”

माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. सव्वीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट पाहत होतो. झोपेत ऐकलं होतं. आणि मी काय म्हणालो?

“छे, छे. ते कसलं पुस्तक. तरुणपणी काहीतरी खरडलेलं.”

असंच म्हणायचं असतं. शेजारी जेवायला बोलावतो तेव्हा आपण म्हणतो, आत्ताच जेवलो. पोटात कावळे ओरडत असले तरी. तो म्हणतो, अहो या हो. आपण म्हणतो, कशाला त्रास. मग तो हात धरून ओढतो आणि आपण त्याच्यावर उपकार केल्यासारखे जाऊन बसतो. दोनदा नाही म्हणायचं असतं. पहिल्यांदा हो म्हणणारा माणूस हावरट. माझं लग्नही असंच ठरलं. वारसिनीच्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का. मी म्हणालो, मी कुठला तिच्या लायक. ते सुराबायाचे. त्यांनी टोपी उचलली आणि निघायला उठले. माझ्या काकांनी त्यांची लुंगी धरली म्हणून आज मी संसारी माणूस आहे.

पण त्या सकाळी काका नव्हते.

मेट्टेबाईंनी पेला खाली ठेवला. “तुम्हाला नको आहे?”

“तसं नाही... पण माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत.” मला वाटलं, दुसऱ्या नकारात जरा वजन हवं. “हे बघा, रस्त्यापलीकडे तुंपाल हुतापेआ राहतो. त्याचं टायरचं दुकान आहे. त्यानं बसच्या क्लीनरवर कादंबरी लिहिली आहे, ‘मागचं चाक’. ते खरं पुस्तक. माझं काय.”

त्यांनी वही काढली. तुंपालचं नाव लिहून घेतलं. मी ते नीट सांगितलं, आडनावासकट. मग त्या उठल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “तुमच्या निर्णयाचा मी मान राखते.”

कुठला निर्णय? मी तर अजून उंबऱ्याबाहेरच उभा होतो, कोणीतरी हात धरून ओढेल म्हणून.

ओसरीवरून मला रस्त्यापलीकडचं सगळं दिसत होतं. त्या दुकानात गेल्या. तुंपाल गाडीखालून बाहेर आला. दोन मिनिटं झाली नसतील, आणि त्याचा आवाज आख्ख्या गल्लीनं ऐकला.

“हो! का नाही? घ्या! कधी काढता?”

बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती त्यानं.

वारसिनी पडद्यामागून बाहेर आली. केळ्यांची ताटली उचलत म्हणाली, “काय केलंत?”

“येईल ती परत. दोन दिवस आहे गावात. अजून एकदा विचारल्याशिवाय कशी जाईल?”

“डेन्मार्कची आहे ती. तिकडे नाही म्हणजे नाही.”

“कोणी एकदा नाही म्हटल्यावर कसं कोणी ऐकतं?”

“माझे वडील ऐकत होते,” ती म्हणाली.

दोन दिवस मी इस्त्रीचा बाटिकचा सदरा घालून ओसरीवर बसलो. चहाची भुकटी नवी आणली. तिसऱ्या दिवशी तुंपाल ओरडून म्हणाला की त्यानं बाईंना सेमारांगच्या गाडीत बसवून दिलं.

‘मागचं चाक’ मी आधीच वाचलं होतं. वाचलं कसलं, सुधारलं होतं. तुंपाल जसा बोलतो तसा लिहितो, एका दमात, वाक्याला वाक्य जोडत, क्लीनर जसा चालत्या बसला लटकतो तशी त्याची वाक्यं लटकतात. मी दोन महिने बसून त्यात स्वल्पविराम घातले होते. त्यातला प्रत्येक स्वल्पविराम माझा आहे. अकरा भाषांत त्यातले किती पोचले असतील, कोण जाणे. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी कधीकधी त्याचा हिशेब करायचो, आणि मग आपली लाज वाटून कूस बदलायचो.

या तीन वर्षांत मी काय काय केलं ते सांगायला संकोच वाटतो. त्याच्या बातम्या कापून एका फाइलीत ठेवल्या. का ठेवल्या, माहीत नाही. कोणी त्याच्या पुस्तकाची स्तुती केली की मी म्हणायचो, “हो, हो, जोरकस आहे.” आमच्याकडे ‘जोरकस’ म्हणजे ओबडधोबड, हे ऐकणाऱ्याला कळतं. त्याच्या दुकानासमोर परदेशी माणसं गाडीतून उतरून फोटो काढायची. त्यांतल्या एकानं मला विचारलं, तुम्ही त्यांना ओळखता का. मी म्हणालो, तोंडओळख आहे.

मग हेवा नुसता तुंपालपुरता राहिला नाही. पसरत गेला. जगाचा नकाशा बघितला तरी पोटात दुखायचं. एवढासा देश, आणि त्याची गाणी आमच्या बाजारातल्या कोंबडीवाल्याच्या दुकानात. एवढंसं बेट, आणि त्याचे जेवणाचे पदार्थ सगळ्या जगाला पाठ. आणि आम्ही? अठ्ठावीस कोटी माणसं, सतरा हजार बेटं. परदेशी माणूस भेटला की विचारतो, बाली तुमच्यापासून किती लांब? मी ग्रंथालयातला माणूस. पुस्तकं काढली, टिपणं केली. एवढा मोठा देश आणि एवढा बारीक आवाज का, यावर माझ्याकडे दोन वह्या भरल्या. मनातला हेवा कागदावर आला की तो अभ्यासासारखा दिसतो, हे मला तेव्हा कळलं.

गावच्या ग्रंथालयातल्या लोकांना हे कुठून तरी समजलं आणि त्यांनी माझं व्याख्यान ठेवलं. मी दोनदा नाही म्हणालो. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. ती माणसं आपलीच.

पत्रिका छापून आली तेव्हा पाहिलं: प्रमुख पाहुणे, तुंपाल हुतापेआ. आणि खाली, विशेष उपस्थिती, मेट्टेबाई. तुंपालच्या दुसऱ्या पुस्तकासाठी त्या येणारच होत्या.

मी पत्रिका हातात धरून नहाणीत गेलो आणि दार लावून घेतलं. ठरवलं, या वेळी चूक नाही. त्यांनी विचारलं, की पहिल्याच खेपेला हो. मी तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचो आणि मोठ्यानं म्हणायचो, “हो. आनंदानं.” पुन्हा पाणी. “हो. आनंदानं.” पहिले काही दिवस आवाज निघेना.

“कोणाशी बोलताय?” वारसिनीनं बाहेरून विचारलं.

“कोणाशी नाही.”

“मग जरा जोरात बोला. असं कुजबुजलात तर डेन्मार्कला कसं ऐकू जाईल?”

व्याख्यानाला चाळीसेक माणसं होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकाच्या मांडीवर खाऊचा पुठ्ठ्याचा डबा. पहिल्या रांगेत तुंपाल, त्याच्या शेजारी मेट्टेबाई, मागे वारसिनी. मी वही उघडली. 

मी म्हणालो, आपली भाषा सगळ्या बेटांची आहे, म्हणून ती कुणाच्याच स्वयंपाकघरातली नाही. शाळेत शिकायची, कचेरीत बोलायची. रडताना माणूस दुसऱ्याच भाषेत रडतो. मी म्हणालो, आपण इतके आहोत की घरातल्या घरात भागतं. इथलं गाणं इथेच लाखो लोक ऐकतात, गायकाला बाहेर जायची गरज पडत नाही. लहान देशाला घरात गिऱ्हाईक नसतं, म्हणून तो टोपली डोक्यावर घेऊन जगाच्या दारोदार हिंडतो. मी म्हणालो, आपल्यावर ज्यांनी राज्य केलं, त्यांची भाषा जगात फार कोणी वाचत नाही. दुसऱ्यांना निदान गुलामीत एक मोठी भाषा मिळाली. मी म्हणालो, आपली माणसं परदेशी जातात ती दुसऱ्यांची घरं झाडायला, म्हातारी माणसं सांभाळायला, आणि पैसे साठले की परत येतात. तिथे राहून आपल्या जेवणाची खाणावळ काढणारे थोडे.

हे सगळं खरं आहे. निदान मला तसं वाटतं. अजूनही वाटतं. पण बोलताना मला सारखी केळ्यांची ताटली दिसत होती.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा एक कॉलेजातली मुलगी उठली. तिच्या फोनच्या मागे एका कोरियन गायकाचं चित्र होतं.

“बापाक, तुम्ही सांगितलं ते पटलं. पण कोरिया तर आपल्या पाचव्या हिश्श्याएवढा. मी त्यांची भाषा शिकतेय. आबांग तुंपालचं पुस्तक मी कोरियनमध्येच वाचलं. सरावासाठी.”

“आपल्या भाषेत नाही वाचलंस?”

“ते ग्रंथालयात मिळालं नाही,” ती म्हणाली.

लोक हसले. तुंपाल सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्याच्या तोंडात लाडूसारखं काहीतरी होतं. ते गिळत तो बसल्या जागेवरूनच बोलला.

“लाए, तू म्हणतोस ते बरोबर असेल. मला पुस्तकं कमी कळतात. पण मला एक सांग. आपल्या दारात कोणी आलं आणि म्हणालं, तुमच्याकडचं जरा द्या बघू, चाखून बघतो. तर आपण काय म्हणतो?” मग त्यानं खांदे आत ओढले, हात पोटाशी जोडले आणि मान कलती करून इतका बारीक आवाज काढला की मला माझाच आवाज ऐकू आला. “‘छे, छे. आमचं कसलं. काही विशेष नाही.’ मग तो म्हणतो, बरं. आणि शेजारच्याकडे जातो!”

सभागृह खो खो हसत होतं. मी पण हसलो.  त्याला ठाऊक आहे की काय? मी मेट्टेबाईंकडे पाहिलं. त्या काहीतरी टिपून घेत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर माणसं डबे घेऊन घोळक्यानं उभी होती. मेट्टेबाई सरळ माझ्याकडे आल्या. तुंपाल त्यांच्या मागे दोन पावलांवर उभा राहिला. तो कधी कोणाच्या मागे उभा राहत नाही.

“बापाक सुवोंदो,” त्या म्हणाल्या, “तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला नाही म्हणाला होतात, ते माझ्या लक्षात आहे. म्हणून विचारताना जरा संकोच वाटतो. पण आमच्या पुढच्या पुस्तकासाठी तुमचं...”

“हो!” मी म्हणालो.

फार मोठ्यानं निघालं ते. दारापाशी चपला शोधणारी माणसं वळून बघायला लागली.

“हो,” मी पुन्हा म्हणालो. “आनंदानं.”

मेट्टेबाईंचा चेहरा फुलला. “किती छान! मला वाटलं होतं, फार मिनतवारी करावी लागेल. मग तुंपाल यांच्या नव्या पुस्तकाची प्रस्तावना मला महिन्याभरात मिळेल?”

मी वारसिनीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

“मिळेल,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पहिल्यांदाच हो म्हटलं होतं. ते परत कसं घ्यायचं, याची आमच्याकडे पद्धत नाही.

चार दिवस मी वहीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी दुपारी तुंपाल आला. रस्त्यापलीकडून ओरडला नाही. फाटक उघडून आत आला, आणि ते गंजलेलं फाटक त्याला पटकन उघडता आलं नाही, इतकी त्याला त्याची सवय नव्हती. एका हातात नव्या पुस्तकाची बाडं, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत आल्याचं गरम सरबत, पिठाच्या गोळ्यांसकट.

वारसिनीनं दोन वाट्या आणल्या. तुंपाल सरबताला हात लावेना.

“घ्या ना, आबांग,” मी म्हणालो.

“घेतो, घेतो,” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तीस वर्षांत त्यानं समोरच्या वाटीला कधी वाट बघायला लावलं नव्हतं.

“लाए, प्रस्तावना तू लिहावीस हे तिला मी सुचवलं.”

“उपकार आहेत.”

“उपकार नाहीत. गप्प बस आणि ऐक. त्या दिवशी ती तुझ्याकडून माझ्याकडे आली ना, तेव्हा आल्या आल्या म्हणाली, समोरच्या गृहस्थांनी मला नकार दिला आणि तुमचं नाव सुचवलं. मी विचारलं, किती वेळा विचारलंत त्यांना? ती म्हणाली, किती वेळा म्हणजे? एकदा.”

 स्वयंपाकघरातलं भांडं घासणं थांबलं.

“मी तीस वर्षं तुमच्यात राहतोय. तुमचं पहिलं नाही, दुसरं नाही, मला सगळं ठाऊक आहे. माझी बायको तुमच्यातलीच. मला एवढंच सांगायचं होतं, की बाई, परत जा, अजून दोनदा विचारा. नाही सांगितलं.”

“का?” मी विचारलं.

“का काय, का? ‘भोंगा’ मी वाचलाय म्हणून! तू माझ्या पुस्तकात ती बारीक बारीक शेपटीची टिंबं घालत बसला होतास ना, तेव्हा मी तुझं वाचत होतो. गाव जेवायचं विसरतं तो भाग वाचून मी दोन दिवस दुकान उघडलं नव्हतं. मला वाटलं, हे बाहेर गेलं तर माझं टायरखाली जाईल. जळत होतो मी तुझ्यावर, लाए. अजून जळतो. अकरा भाषा झाल्या आणि अजून जळतो. आता शिव्या दे.”

मी शिव्या दिल्या नाहीत. मला त्या नीट येत नाहीत. खरं सांगायचं तर मला राग आला तो थोडा उशिरा, संध्याकाळी आला, आणि तो काही दिवस टिकला. त्या क्षणी मात्र वेगळंच झालं. तो माझ्यावर जळत होता. अकरा भाषांचा धनी, माझ्यावर! ते वाक्य मी मनात पुन्हा म्हणून बघितलं, पिठाचा गोळा जिभेवर फिरवावा तसं.

“घ्या ना, आबांग. गार होतंय.”

“घेतो.”

“अहो, घ्या!”

मग त्यानं वाटी उचलली आणि एका घोटात रिकामी केली. बाडं माझ्याकडे सरकवली. “प्रस्तावनेत काय लिहायचं ते तुझं तू बघ. मी एक अक्षर हलवणार नाही. माझ्या पुस्तकाला शिव्या दे, चालेल. पण तुझ्या पुस्तकाचं नाव त्यात आलं पाहिजे. तिला वाचू दे. सगळ्यांना वाचू दे.”

“छे, छे, दुसऱ्याच्या पुस्तकात आपलं...”

“अरे, हेच! हेच ते!” तुंपाल ओरडला आणि निघून गेला. फाटक उघडंच टाकून.

त्या रात्री मी दोनदा भात घेतला. वारसिनी वाढत राहिली.

नवं पुस्तक चांगलं होतं. हे लिहायला मला आठवडा लागला. पहिला खर्डा चार पानांचा होता आणि त्यात ‘जोरकस’ हा शब्द पाच वेळा आला होता. वारसिनीनं तो वाचून माझ्यासमोर फाडला. दुसरा मी स्वतः फाडला. तिसऱ्यात मी तुंपालच्या वाक्यांबद्दल लिहिलं, ती चालत्या बसला कशी लटकतात आणि तरी पडत नाहीत त्याबद्दल, आणि ते लिहिताना मला दुखलं, म्हणून समजलो की ते खरं आहे. मग शेवटचा परिच्छेद आला.

तीन सकाळी मी त्या परिच्छेदापुढे बसलो. ‘प्रस्तुत लेखकानेही एक लहानसा प्रयत्न केला होता’ असं लिहिलं आणि खोडलं. ‘या विषयाशी दूरान्वयाने संबंधित एक पुस्तक’ लिहिलं आणि खोडलं. तुंपालची कृपा नको होती मला. मला त्याच्यासारखं रस्त्यापलीकडून ओरडायचं होतं, एकदा तरी. मोठेपणानं नाही, निव्वळ हेव्यानं मी शेवटी लिहिलं:

‘मीही एक पुस्तक लिहिलं आहे. त्याचं नाव ‘भोंगा’. ते चांगलं आहे.’

कागद टंकून मी वारसिनीला दाखवला. तिनं चष्मा लावून ती तीन वाक्यं वाचली, मग पुन्हा वाचली.

“माझ्या वडिलांनी हे तेव्हा ऐकायला हवं होतं,” ती म्हणाली आणि कागद घेऊन तीच रस्त्यापलीकडे गेली. मी अडवण्याच्या आत.

मी ओसरीवर बसून राहिलो. पेपर उघडला, पण डोळे दुकानाकडे. तुंपाल हात पुसत बाहेर आला. उभ्यानं वाचायला लागला. ओठ हलत होते. बराच वेळ लागला. पान उलटलं. मग त्यानं मान वर केली.

“लाए!”

“काय? काढून टाकू शेवटचं?”

“काढतोस कसलं! कमी आहे! ‘फार’ घाल! फार चांगलं आहे!”

“नको, नको.”

“घाल की!”

“कशाला, आबांग. आहे तेच पुष्कळ झालं.”

गल्लीतून एक मोटारसायकल गेली. मग दुसरी. मी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि वाट पाहिली. वारसिनी परत येताना रस्त्याच्या मधोमध थांबली होती. तिनं तुंपालकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तुंपाल कागद हातात धरून उभा होता आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता, जशी मी त्याची नजर आधी कधी पाहिली नव्हती.

“लाए,” तो म्हणाला. ओरडला नाही, पण मला स्पष्ट ऐकू आलं. “घाल.”

मी पेन घेऊन रस्ता ओलांडला.